बिऱ्हाडकरूचं आमंत्रण

आमच्या गल्लीत घरं विकली जातात, माणसं बदलतात, दारातली कुत्रीसुद्धा बदलतात. आमचं घर सोडलं तर इतक्या वर्षांत जागची हलली नाही ती बुरुलकान, आणि गंमत म्हणजे गल्लीत स्वतःचं घर नसलेली तेवढी तीच.

अल्माटीत नवा आलेला कुणीही माणूस तिला भेटला की चहाच्या पहिल्या पेल्यालाच तिला शहाणपण शिकवायला लागतो. भाडं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात पैसे, परमुलखात चार भिंती तरी आपल्या हव्यात, वगैरे. ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की ती बोलणाऱ्याच्या तोंडात गरम बटाटा कोंबावासा वाटतो. बुरुलकान मात्र सगळं शांतपणे ऐकून घेते, त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतते आणि विचारते, "तुमचं कर्ज किती वर्षांचं?" मग तो माणूस दुसऱ्या विषयावर जातो.

ती किरगिझ, डोंगरापलीकडे नारीनकडची. तिकडून इथे यायला एक सरहद्द ओलांडावी लागते, म्हणून कागदोपत्री हा तिला परदेश. आम्ही कझाक. एकमेकांची भाषा कळते, मेंढी सारखीच कापतो, फक्त एकमेकांच्या चहाला नावं ठेवतो. नवरा गेल्यावर ती एक शिलाई मशीन घेऊन इथे आली आणि रजया शिवायला लागली. आमच्याकडे मुलीबरोबर रजयांची चळत गेली नाही तर सासरचे जन्मभर ऐकवतात. बुरुलकानच्या रजयांबद्दल आजवर कुणी काही ऐकवल्याचं माझ्या कानावर नाही.

तिचं बिऱ्हाड गालिना आजीच्या परसात. गालिनाच्या नवऱ्याने मोठं घर बांधून होईपर्यंत डोकं टेकायला म्हणून मागे एक खोली उभी केली होती. अशा खोलीला आमच्या शहरात सगळे 'तात्पुरती' म्हणतात. मोठं घर बांधून झालं, त्याचं छप्पर दोनदा बदललं, नवरा गेला, मुलं पांगली, तात्पुरती तशीच उभी राहिली. एक खोली, एक चूल, दारात जर्दाळूचं झाड आणि त्याच्या फांदीवर कायम एखादी रजई उन्हाला घातलेली. मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हा आमच्या फाटकातून आत शिरताना भिंतीपलीकडे पहिली दिसली ती तशी एक लाल रजई. म्हणजे बुरुलकान माझ्याआधीची. आमच्या भाषांत मोठ्या बहिणीला वेगवेगळे शब्द आहेत, पण तिला सगळी गल्ली तिच्याच शब्दाने हाक मारते, बुरुल-एजे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात आणि त्यांच्यातही एक रीत आहे. नवीन बिऱ्हाड आलं की आधीपासून राहणाऱ्याने त्यांना जेवायला बोलवायचं. याला एरुलिक म्हणतात. आलेल्यांची चूल नीट पेटायच्या आत त्यांच्या पोटात शेजाऱ्याचं मीठ गेलं पाहिजे. जो आधीचा तो वाढणार, जो नंतरचा तो खाणार, याच्यात उलटसुलट चालत नाही. श्रीमंत-गरीब, लहान-मोठा याचाही संबंध नाही. खाल्लं की तुम्ही शेजारी झालात, आणि मग खाल्ल्या मिठाला जागायचं.

बुरुलकान आली तेव्हा तिला कुणी एरुलिक दिला नाही. माझ्या सासूबाईंनी, उर्किया आजींनी, गल्लीच्या तोंडावर निकाल देऊन टाकला होता. "भाडेकरूला कसला आलाय एरुलिक? आज आहे, उद्या नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. उद्या गेली म्हणजे आपली मेंढी फुकट." गल्लीतल्या पाण्याच्या पाटापलीकडे बुरुलकान गालीचा धूत होती. तिने त्यातला शब्द न् शब्द ऐकला. माझ्या पहिल्या बाळाची रजई शिवताना तिने मला ते ऐकवलं, सासूबाईंचा आवाज हुबेहूब काढून.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. अजून आहे," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. "राग असला की माणूस जागा सोडत नाही."

तिच्याकडे घर घ्यायला पैसे नव्हते असं कुणी समजू नये. सगळे तसंच समजतात, म्हणून सांगते. आमच्या गल्लीतली घरं तिच्या आवाक्याबाहेरची हे खरं, पण शहराच्या टोकाला जे उंच मनोरे उगवलेत तिथला एक छोटा फ्लॅट ती घेऊ शकली असती. मीच तिला एकदा बघायला घेऊन गेले होते. एजंट म्हणजे एक चकचकीत बुटांचा तरुण. त्याने अकराव्या मजल्यावर नेलं, खिडकी उघडली, पलीकडचे डोंगर असे दाखवले की जणू तेही किमतीत धरलेत.

"खाली कोण राहतं?" बुरुलकानने विचारलं.

"अजून कुणी नाही, आपा. विकला गेलाय. गुंतवणूक म्हणून घेतलाय त्यांनी."

"आणि वर?"

"तोही विकला गेलाय. तेही गुंतवणूकवालेच."

"शेजारी?"

"ते परदेशात असतात."

ती खिडकीतून खाली बघत राहिली. मग त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाळा, इथे मी पाय घसरून पडले तर हाक कुणाला मारू? गुंतवणुकीला?" पोरगा हसला, पण तिने उत्तराची वाट बघितली. मग आम्ही लिफ्टने खाली आलो. बसमध्ये ती एकदाच बोलली. "माझं घर तिथे आणि माझी माणसं इथे, असला व्यवहार कोण करतं, कुलपाश? तो करणाऱ्याला लोक हुशार म्हणतात." कुलपाश म्हणजे मी.

दुसरा पर्याय तिच्या भावाचा. तोक्तोसुन तिचा पाठचा भाऊ, नारीनच्या वरच्या अंगाला गावात राहतो. त्याचं म्हणणं साधं. माझ्या अंगणाच्या कडेला जागा आहे, तू पैसे दे, मी विटा लावतो, म्हातारपणी आपल्या मातीत राहा. माणूस वाईट नाही. पण घर पाहावं बांधून म्हणतात ते दुसऱ्याच्या अंगणात तर पाहूच नये. त्यांच्या गावात बाहेर कमावणाऱ्यांची अशी कितीतरी घरं उभी आहेत. निळे पत्रे, नक्षीच्या खिडक्या आणि आत कोंबड्या. बुरुलकान दर उन्हाळ्यात गावी जायची, आठवडाभर राहायची, भावजयीच्या चुलीपुढे पाहुणीसारखी बसायची आणि परत आली की आधी फाटकाला हात लावून उभी राहायची.

असं चाललं होतं ते गालिना आजीचे गुडघे गेले तिथपर्यंत. तिला लेकीने कारागांदाला नेलं आणि घर विकलं.

घेणारा मेदेत, मोटारींच्या सुट्या भागांचा दुकानदार. चाळिशीतला, गोरागोमटा, घाईत असलेला. बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडचं काहीतरी बघत असतो. व्यवहार झाल्यावर तो एका सकाळी मोजपट्टी घेऊन आला आणि तात्पुरती बाहेरून मोजायला लागला. बुरुलकान आत मशीनवर होती. खिडकीवरून पट्टी सरकली तेव्हा तिने मान वर केली.

"काय मोजतोस?"

"इथे गॅरेज येणार, आपा. महिनाअखेरपर्यंत सामान हलवा. तशी घाई नाही," मेदेत म्हणाला. महिना संपायला दोन आठवडेही नव्हते.

"मी कुठे जाऊ?"

"ते मी कसं सांगणार? इतकी वर्षं इथे आहात, एखादं घर घेऊन टाकायचं होतं. आयत्या बिळावर किती दिवस बसणार?"

हे मी आमच्या भिंतीआडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आयतं बीळ! त्या खोलीची प्रत्येक भेग तिने स्वतः लिंपलेली. आज आलेला हा उपटसुंभ तिला नागोबा म्हणणार! मी शिडी लावून भिंतीवर चढलेच होते, पण बुरुलकानने हातानेच मला खाली उतरायची खूण केली. मेदेतला ती म्हणाली, "पट्टी नीट धर, वाकडी लागतेय." बस. तेवढंच.

त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येकाने तिला सल्ला दिला. फ्लॅट घे. दुसरी खोली बघ. भावाकडे जा. सल्ला देताना लोकांच्या आवाजाला एक मऊपणा येतो, तिरडीला खांदा देताना येतो तसा. ती रोज सकाळी रजई झाडाला घालत होती. मला खरंच भीती वाटत होती. कागद तिच्याकडे कसलाच नव्हता. परदेशातली बाई, तोंडी ठरलेलं भाडं, मालक बदललेला. कुठल्याही कचेरीत तिचं कुणी ऐकलं नसतं. भिंतीपलीकडे लाल रजई आहे ना, हे मी दिवसातून दहादा बघून यायचे.

मेदेतचं कुटुंब शनिवारी राहायला आलं. बायको, दोन मुलं आणि त्याचे वडील. सेइलखान अता (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही अता म्हणतो), तालदिकोर्गानकडच्या खेड्यातून आणलेले. ट्रकमधून सामान उतरत होतं आणि म्हातारा फाटकाशी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. गल्लीत कुणी ढुंकून बघत नव्हतं. आजकाल कोण बघतं? एरुलिकची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मेंढी महाग, वेळ कमी, आणि कुणीतरी दुसरा बोलवेल म्हणून प्रत्येकजण गप्प. शिवाय सासूबाईंच्या खालोखाल गल्लीत आधीचं कोण, हा हिशेब कुणी मांडलाच नव्हता.

बुरुलकानने मांडला. तिने पांढरं डोक्याचं फडकं नीट बांधलं, पाट ओलांडून फाटकाशी गेली आणि म्हाताऱ्यापुढे छातीवर हात ठेवून वाकली.

"अता, पाऊल शुभ होवो. उद्या दुपारी आमच्याकडे एरुलिकला या. सगळं घर घेऊन या."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला गलबलून आलं. "अगं पोरी, मला वाटलं होतं शहरात शेजार मेला. येतो. सगळे येतो. घर कुठलं तुझं?"

"जवळच आहे, अता. फार चालावं लागणार नाही."

मेदेत तेव्हा सोफा दारातून आत कसा घालायचा या भांडणात होता. त्याला यातलं काही कळलं नाही. आणि बापाने एकदा एरुलिकला हो म्हटलं की मुलगा नाही म्हणू शकत नाही, हे काही मी सांगायला नको.

संध्याकाळी तोक्तोसुन येऊन धडकला, सरहद्दीवरच्या रांगेत उभा राहून वैतागलेला. गावातल्या कुणाचा तरी छोटा ट्रक मागून आणलेला. बहिणीचं सामान भरायचं आणि तिला घेऊन जायचं, एवढं त्याचं ठरलेलं. दारात पाय ठेवतो तर दाराशी मेंढी बांधलेली.

"एजे, हे काय? मेंढी पण न्यायचीय?"

"मेंढी कापायचीय. सुरीला धार लाव."

"मी गाडी भरायला आलोय!"

"गाडी पळून जाते का? घरात पुरुष माणूस नाही, मेंढी कोण कापणार? देवानेच पाठवलं तुला."

मी कणीक मळत होते. भांडण माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं. तोक्तोसुन खरंच चिडला होता, आणि चिडल्यावर माणसं खरं बोलतात. "गावात लोक मला काय म्हणतात माहितेय? बहीण परमुलखात दुसऱ्याच्या परसात राहते आणि भाऊ मजेत आहे म्हणतात. एक वीट नाही तुझ्या नावावर! आता तर मालकाने लाथ मारून काढलंय. अजून कसली मस्ती?"

"मालकाने सांगितलं. मी गेले का?"

"आणि मेल्यावर? कबर कुठे तुझी? ती पण भाड्याने घेणार का?"

"मेलेल्याला भाडं पडत नाही रे. तिथे सगळेच मालक." मग ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "तोको, ऐक. तुझ्या अंगणात मी तुझी बहीण. त्या मनोऱ्यात मी नुसता फ्लॅटचा नंबर. इथे मी बुरुलकान. सकाळी मशीनचा आवाज आला नाही तर ही कुलपाश भिंतीवर चढून बघते. असलं घर विकत मिळतं का कुठे? मिळत असेल तर सांग, उद्या घेते."

तोक्तोसुनने सुरी दगडावर घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे निघाले. सगळ्यांत पुढे सेइलखान अता, नवीन टोपी घालून. फाटकाकडे चालायला लागले तर बुरुलकान त्यांच्याच अंगणात मध्यभागी उभी.

"इकडे, अता. मागे."

म्हातारा आपल्याच घराला वळसा घालून परसात आला. तात्पुरतीचं दार उघडं होतं, आतून शिजलेल्या मांसाचा आणि कांद्याचा वास येत होता. जमिनीवर रजयांचे थर, दारासमोरच्या मानाच्या जागेवर सगळ्यांत नवी, लाल. म्हातारा वाकून आत गेला आणि तिथे बसला. पाठोपाठ नातवंडं. माझ्या सासूबाई आधीच येऊन भिंतीला टेकल्या होत्या. त्यांना आमंत्रण मी दिलं होतं, आणि 'भाडेकरूचा एरुलिक बघायचाय मला' म्हणून त्या काठी टेकत आल्या होत्या. मेदेत मात्र उंबऱ्यावरच थांबला. त्याला आता कुठे उलगडा झाला होता.

"बाबा, चला. उठा. ही आपलीच जागा आहे. ही बाई भाडेकरू आहे, मी हिला खाली करायला सांगितलंय."

म्हाताऱ्याने बुरुलकानकडे बघितलं. "खरं का गं, पोरी?"

बुरुलकानच्या हातात परात होती. परातीत मेंढीचं मुंडकं, आमच्यात सगळ्यांत मोठ्या पाहुण्यापुढे ठेवतात ते. ज्याचा बाप जिवंत आहे त्याने ते घ्यायचं नसतं, म्हणजे मेदेतच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. तिने परात खाली ठेवली नाही.

"खरं आहे, अता. तुम्ही तोंडात घास घालायच्या आत सगळं सांगते, मागून कुणी फसवलं म्हणायला नको. मी भाडेकरू. परकी, डोंगरापलीकडची. तुमचा मुलगा इथे गॅरेज बांधणार आहे आणि मला महिनाअखेर निघायचंय. हे सगळं खरं. पण तुम्ही काल आलात आणि मी आधीपासून आहे, हेही खरं. म्हणून मेंढी माझी आणि पाहुणे तुम्ही. नको असेल तर उठा, मी रागावणार नाही. पण बसलात तर शेजारी म्हणून बसा."

खोलीत कुणी हललं नाही. तोक्तोसुन चुलीपाशी पळी घेऊन तसाच उभा.

"भाडेकरूचा एरुलिक धरत नाहीत!" मेदेत म्हणाला. "कुणालाही विचारा. भाडेकरू म्हणजे आज आहे, उद्या नाही."

तेव्हा भिंतीकडून काठी आपटल्याचा आवाज आला. सासूबाई.

"ए मुला, ते वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "ही आली त्या दिवशी मीच बोलले होते. आज आहे, उद्या नाही, म्हणून मी मेंढी वाचवली. तेव्हा या गल्लीत माझ्या दोन्ही बाजूंना मालक होते. डावीकडचा विकून गेला. त्याच्यानंतरचा विकून गेला. कोपऱ्यावरचं घर तीन वेळा विकलं. समोरच्याने बांधून पुरं केलं नाही तोवर विकलं. उजवीकडची गालिना तर आता आता गेली. सगळे मालक, बरं का. सगळ्यांना आम्ही एरुलिक दिले, सगळे खाऊन गेले. आता तू सांग. ही गेली का?"

मेदेत दाराबाहेरच्या जर्दाळूकडे बघायला लागला.

"मी विचारतेय, गेली का ही?"

"नाही," मेदेत पुटपुटला.

"मग माझी मेंढी मी चुकीच्या लोकांना खाऊ घातली," सासूबाई म्हणाल्या आणि बुरुलकानकडे न बघता तिच्या दिशेने हात लांब केला. "आण ती परात इकडे. माझा हात थरथरतो, नाहीतर मीच ठेवली असती त्यांच्यापुढे."

परात माझ्या सासूच्या आणि बुरुलकानच्या, दोघींच्या हातांनी म्हाताऱ्यापुढे गेली. सेइलखान अतांनी सुरी उचलली. आधी मुंडक्याच्या गालाचा तुकडा कापून स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग कान कापून धाकट्या नातवाला दिला. "खा. आणि मोठ्या माणसांचं ऐकायला शीक," ते म्हणाले, पण बघत होते मेदेतकडे. "उंबऱ्यावर उभा राहू नकोस. वाईट असतं. आत ये नाहीतर बाहेर जा."

मेदेत आत आला. बसायला जागा मिळाली ती अगदी दाराशी, सगळ्यांत खालची, आमच्यात जावयाला देतात ती.

जेवण झालं, चहा झाला, आणि म्हाताऱ्याने दोन्ही तळहात उघडून समोर धरले. वडीलधारा असा हात पसरून आशीर्वाद देतो त्याला आम्ही बाता म्हणतो. शाप परत घेता येतो म्हणतात, बाता परत घेता येत नाही. खोलीतल्या सगळ्यांचे हात उघडले गेले. मेदेतचेही गेले. नाही म्हणून सांगतो कोणाला?

"या चुलीचा धूर सरळ वर जावो," म्हातारा म्हणाला. "या दारातून येणारा भुकेला जाऊ नये. इथे वाढणाऱ्या हाताला दुखणं नसावं. आम्ही नवे आलो, आम्हाला इथे मीठ मिळालं, ते आमच्या पिढ्यांना आठवत राहो. या घराचा उंबरा कुणाकडून न हलो. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. मी बुरुलकानकडे बघितलं. तिने तळहात चेहऱ्यावर ठेवले ते लवकर काढलेच नाहीत. बापाने बाता दिलेला उंबरा पाडणं म्हणजे बापाच्या तोंडात माती घालणं. मेदेत घाईतला आहे, मग्रूर आहे, पण तेवढा पडलेला नाही.

कुणी म्हणेल की हा कावा झाला. म्हणोत. ज्याच्याकडे कागद असतो त्याच्या काव्याला व्यवहार म्हणतात.

सोमवारी सकाळी मेदेत आला. मी भिंतीवर होतेच, आता लपवायचं काय? तो जर्दाळूखाली उभा राहून म्हणाला, "आपा, बाबा म्हणतात तुम्ही राहा. भाडं द्यायचं नाही म्हणतात. असंच राहा."

मला वाटलं, जिंकली. पण बुरुलकानने मशीन थांबवलं आणि बाहेर आली.

"भाडं घ्यायचं."

"अहो, बाबा नको म्हणतात..."

"बाबांना माझा सलाम सांग. फुकट राहणाऱ्याला पाहुणा म्हणतात, आणि पाहुण्याला एक दिवस उठावंच लागतं. मी पाहुणी नाही. भाडं घे आणि पावती दे. यंदापासून लेखी."

मेदेतमधला दुकानदार जागा झाला. "मग वाढवीन हां. आजूबाजूचा दर बघा जरा."

"वाढव ना. पण मग छपराचे पत्रे बदलायचे. दोन हिवाळे गळतंय. गालिना म्हातारी होती म्हणून मी बोलले नाही. तुला काय झालंय?"

दोघांनी चांगली तासभर घासाघीस केली. मी मध्ये चहा नेऊन दिला. शेवटी भाडं थोडं वाढलं, पत्रे सगळे बदलायचे ठरले, आणि मेदेतची मोटार तेव्हापासून आमच्या भिंतीला लागून गल्लीत उभी असते. तिचा मला त्रास होतो, पण मी अजून काही बोललेले नाही.

तोक्तोसुन त्याच दुपारी निघाला. ट्रक अगदीच रिकामा नव्हता. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तिच्यासाठी बुरुलकानने रजयांची चळत बांधून दिली होती, वर एक दोरी आवळून. पत्र्यांसाठी मेदेत छपरावर चढून जुने खिळे उपटत होता आणि बुरुलकान खालून त्याला कुठला खिळा राहिला ते ओरडून सांगत होती. तोक्तोसुनने गाडी सुरू केली, मग बंद केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"एजे, गावात लोक विचारतील. काय सांगू? घर घेतलंस का अजून भाड्यानेच?"

बुरुलकान छपराकडे बघत होती. तिने मान वळवली.

"सांग, आमच्याकडे एक नवा घरमालक आलाय. त्याला जेवू घालून गल्लीत घेतलाय."